रुळांवरचा खेळ, पुन्हा एकदा

गेल्या दिवाळीत बेळगावला घरी गेलो, तेव्हा फराळ आटोपल्यावर मी लॅपटॉप दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीला जोडला. शेजारी चुलतभाऊ बसला होता, म्हणजे आमचा दादा. वाटणी झाल्यापासून आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलणं कामापुरतं उरलं होतं. त्याला पुन्हा शेजारी बसवायची माझ्याकडे एकच युक्ती होती : ‘द हाऊस ऑफ द डेड’.

तिशी ओलांडलेल्या वाचकांना हे नाव आठवत असेल. बारीक बारीक सायबर कॅफेंचा तो काळ. टिळकवाडीतल्या एका कॅफेत तासाला वीस रुपये पडत. दादाच्या हाती माउस, माझ्या हाती कीबोर्ड, आणि पडद्यावर एका वाड्यातून अंगावर येणारी भुतं. घरी सांगितलेलं असे की कॉम्प्युटर शिकायला जातोय. (आई हे वाचणार आहे, म्हणून इथेच कबूल करतो.)

आता मी विकत घेतली होती ती त्याच खेळाची नव्याने बांधलेली आवृत्ती. पंधरा मिनिटं खेळलो असू. नेम लागेना, बटण दाबल्यावर गोळी क्षणभर उशिरा सुटल्यासारखी वाटे. दादानं पॅड खाली ठेवला. “हे रंगवलेलं भूत आहे रे. आपला खेळ हा नव्हे,” म्हणाला आणि झोपायला गेला.

तो गेल्यावर डोक्यात प्रश्न आला, आणि तोच आज तुमच्यापुढे ठेवतोय. जो खेळ मुळातच सदोष होता, तो पुन्हा घडवण्यात अर्थ आहे का?

आधी या खेळाची जात सांगतो. याला ‘रेल शूटर’ म्हणतात, रुळांवरचा नेमबाजीचा खेळ. आपण बेळगावहून गोव्याला आगगाडीनं निघतो. लोंढा, कॅसलरॉक मागे पडतं, गाडी घाट उतरते आणि दूधसागर दिसतो. गाडी कुठे वळणार हे आपल्या हातात नसतं. दारात उभं राहून कुठे पाहायचं, तेवढं आपल्या हातात. या खेळाचंही तसंच. चालायचं काम खेळ करतो, आपण फक्त नेम धरायचा.

‘द हाऊस ऑफ द डेड’ नव्वदच्या दशकात जपानच्या सेगा कंपनीनं आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी काढला. कथा आहे १९९८ सालातली. डॉ. क्युरियन नावाच्या शास्त्रज्ञाच्या वाड्यात रोगन आणि ‘जी’ हे दोन हस्तक शिरतात. प्रकरणं चार, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक मोठा राक्षस. त्यांची नावं टॅरोच्या पत्त्यांवरून घेतलेली : चॅरियट, हँग्डमॅन, हर्मिट, मॅजिशियन. १९९८ मध्ये तो सेगाच्या सॅटर्न कन्सोलवर आणि पीसीवर आला. आम्हाला भेटला तो पीसीवरचा.

आता दोष. खेळ अर्ध्या-पाऊण तासात संपतो. कथा पोस्टकार्डावर मावेल एवढी. इंग्रजी संवाद इतके लाकडी की गंभीर प्रसंगी हसू फुटतं. सॅटर्नवर आणताना चित्रं भरड झाली, आर्केडची सफाई गेली. आणि खेळ मध्येमध्ये असा मारतो की पुन्हा नाणं टाकल्याशिवाय सुटका नाही.

पण यातला प्रत्येक दोष एकाच पंगतीत बसवता येत नाही. माझं काम जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करण्याचं आहे. वीस वर्षं चाललेल्या प्रणालीत एखादी विचित्र ओळ दिसते. नवा मुलगा ती चूक समजून काढतो आणि दुसऱ्या दिवशी कुठेतरी हिशेब बिघडतो. म्हणून आम्ही आधी विचारतो : ही चूक आहे, की याच्यावर कशाचा तरी भार आहे?

खेळाची लांबी घ्या. नाण्याच्या यंत्रापुढे माणूस उभा असतो, मागे रांग असते. तिथे पाऊण तास म्हणजे पुष्कळ. शिवाय खेळ छोटा असला, तरी त्यात वाटा फुटतात. वाड्यातल्या शास्त्रज्ञांना भुतं पकडून नेत असतात. एखाद्याला वेळेवर वाचवलं, तर काही ठिकाणी पुढचा रस्ताच बदलतो. आणि घाईत त्याच शास्त्रज्ञाला गोळी लागली, तर आपला एक जीव जातो. म्हणजे खेळ नुसत्या वेगाचा नाही, आधी पाहून मग चाप ओढण्याचा आहे. लांबी दुप्पट केली असती तर हा ताण टिकला नसता. रूळ, आटोपशीरपणा आणि ते लाकडी संवादसुद्धा, ही या घराची तुळई आहे. ती काढली तर छप्पर खाली येईल.

खरा बिघाड दुसरीकडे आहे, आणि तो खेळात नाही, आपल्या घरांत झालेला आहे. बंदूक गेली!

जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीओळीनं चित्र काढत असे. आपल्याकडच्या टीव्हीवर हे सेकंदाला पन्नास वेळा होई. त्या काळच्या घरगुती खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीत गोळी नसे, प्रकाश टिपणारा एक डोळा असे. झोत त्या डोळ्यासमोरून गेला की बंदूक तो क्षण कळवी, आणि चित्र सुरू झाल्यापासून किती वेळ गेला यावरून नेम पडद्यावर कुठे आहे हे यंत्राला समजे. फार देखणी युक्ती. पण सपाट पडद्याच्या टीव्हीत असा झोतच नाही, त्यामुळे ती बंदूक आता आंधळी आहे.

म्हणून रेल शूटरचं नूतनीकरण करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न चित्रांचा नसतो, हाताचा असतो. पोलंडच्या मेगापिक्सेल स्टुडिओनं घडवलेला आणि फॉरेव्हर एंटरटेनमेंटनं प्रकाशित केलेला रिमेक एप्रिल २०२२ मध्ये आला, तो आधी निन्टेंडो स्विचवर. तिथे नेम धरायला जायरोस्कोपची सोय दिली. जायरोस्कोप हात किती वेगानं वळला हे सांगतो, हात नेमका कुठे रोखला आहे हे सांगत नाही. डोळे मिटून पावलं मोजत चालल्यासारखं आहे हे. प्रत्येक पावलाला बोटभर चूक झाली, तरी शंभर पावलांनंतर आपण भिंतीवर आपटतो. म्हणून अशा खेळांत नेम अधूनमधून पुन्हा मध्यावर आणावा लागतो. सुरुवातीच्या परीक्षणांत निशाण्याबद्दल आणि अडखळणाऱ्या चित्राबद्दल तक्रारी होत्या, त्या याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवणाऱ्या. याच प्रकाशकानं २०२० मध्ये आणलेल्या ‘पँझर ड्रॅगून’च्या रिमेकलाही आधी निशाण्यावरूनच बोल लागले होते.

बाकी या रिमेकनं केलेलं काम मला समतोल वाटतं. वाडा, खोल्या, राक्षस, फुटणाऱ्या वाटा जागच्या जागी आहेत. संवाद नव्यानं ध्वनिमुद्रित झाले, पण लाकडीपणा सोडलेला नाही, आणि ते बरंच झालं. जास्त वेळ हवा असलेल्यांसाठी भुतांची झुंडच्या झुंड अंगावर सोडणारा वेगळा प्रकार दिला, मूळ खेळ मात्र ताणला नाही. खटकलं ते संगीत. जुन्या सुरांशिवाय तो वाडा ओळखीचा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे मूळ खेळ सोबत. २०११ साली ‘हेलो’ या खेळाची वर्धापन आवृत्ती आली, तेव्हा एका बटणावर जुनं आणि नवं चित्र आलटून पालटून पाहता येत होतं. नूतनीकरण करावं तर असं. ‘द हाऊस ऑफ द डेड’ची मूळ प्रत आज दुकानात सहज मिळत नाही. अशा वेळी नव्या पिढीला रिमेक हाच मूळ खेळ वाटणार. जुनं घर पाडून तिथे नवं बांधलं आणि जुन्याचा एक फोटोही ठेवला नाही, तर नातवंडांना काय दाखवणार?

तरीही माझं उत्तर ‘अर्थ आहे’ असंच आहे. निर्दोष खेळाला नव्या रंगाची गरज फार नसते, तो कसाही तरून जातो. सदोष खेळ मात्र यंत्राबरोबर मरतो, आणि त्यात जे चांगलं असतं तेही जातं. अट एवढीच : हात दुरुस्त करा, हाडं मोडू नका, आणि जुनी प्रत फेकू नका.

हे मला दुसऱ्या दिवशी पटलं. पुतण्या यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्यानं टीव्हीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “काका, गेम मोड बंद आहे की हो.” नवे टीव्ही चित्र सुबक करण्यात वेळ घालवतात. सिनेमा पाहताना तो उशीर कळत नाही, नेम धरताना कळतो. म्हणजे आदल्या रात्रीचा दोष खेळाचा नव्हता, माझा होता. रोज दुसऱ्यांची यंत्रणा दुरुस्त करणारा इंजिनिअर घरच्या टीव्हीची सेटिंग पाहायला विसरला!

गेम मोड चालू केला आणि दादाच्या हाती पॅडऐवजी माउस दिला. पहिली चार भुतं त्यानं मुकाट्यानं पाडली. पाचव्याला ओरडला, “डावीकडं बघ, डावीकडं! शास्त्रज्ञाला मारशील!” अगदी कॅफेतल्यासारखा. आमच्या कॅफेत रक्ताचा रंग हिरवा ठेवलेला असे, हेही त्यालाच आठवलं.

पाऊण तासात खेळ संपला. वहिनीनं चहा आणला. दादा म्हणाला, “एवढाच होता होय? मला वाटायचं, केवढा मोठा होता.” मग आम्ही बराच वेळ बोलत बसलो, आणि त्यात वाटणीचा विषय एकदाही निघाला नाही.

तुमच्याही घरी असा एखादा जुना खेळ असेल, तर नवी आवृत्ती जरूर आणा. फक्त हा खेळ मोठ्यांसाठीच आहे, लहान मुलांना लांब ठेवा. टीव्हीचा गेम मोड चालू करा, शक्य असेल तर माउसनं खेळा. आणि एकट्यानं खेळू नका. बाजूची जागा ज्याच्यासाठी आहे, त्याला आधी फोन करा.