कामगार म्हणायला यांना जड का जाते?

वस्तीतली पोरं रिकामटेकडी आहेत, नाक्यावर उभी राहून मोबाइलमध्ये डोकं घालतात, अशी तक्रार आपल्यातलेच काही नोकरदार बांधव करतात. गोवंडी-चेंबूरच्या वस्त्यांतून पहाटे फिरलो तर आम्हाला वेगळेच दिसते. एखादा पोरगा कंत्राटदाराच्या गाडीमागे कचरा उचलायला निघालेला असतो. दुपारी तोच पाठीला चौकोनी पिशवी लावून घरोघरी जेवण पोहोचवतो. लग्नसराईत रात्री केटरिंगला वाढप्याचे काम. तीन ठिकाणी राबणारा हा तरुण रिकामटेकडा कसा?

मात्र त्याला विचारा, बाबा रे, तू कुणाचा कामगार? उत्तर मिळत नाही. कारण कागदावर तो कुठेच कामगार नाही. मुंबई महापालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत झोपडपट्टीची गटारे, गल्ल्या, शौचालये साफ करणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि पगाराऐवजी मानधन दिले गेले. मोबाइल ॲपची कंपनी त्याला 'भागीदार' म्हणते. (भागीदाराला नफ्यात वाटा असतो, असे आम्ही आजवर समजत होतो!) राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास मुलाला महिना सहा हजार रुपये ठरले आणि नाव मिळाले 'प्रशिक्षणार्थी'. मुदत संपली की घरी.

नावे गोड, हक्क शून्य. हा डाव आपल्याला नवा नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांना 'हरिजन' हे नाव कायद्याने चिकटवायला निघाले, तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध, याच पक्षाने कामगारांना रस्त्यावर उतरवले. नावाचा प्रश्न आणि भाकरीचा प्रश्न बाबासाहेबांनी वेगळा मानला नाही.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख 'गिग' कामगार असल्याचे मानले, २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचा उल्लेख आहे खरा. पण व्याख्याच अशी, की मालक-नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर काम करणारा तो गिग कामगार. म्हणजे मालकाला दाराबाहेरूनच सोडून दिले! कंपनीने उलाढालीच्या एक-दोन टक्के निधीत टाकायचे आणि मोकळे व्हायचे. किमान वेतन कुणाकडे मागायचे? पावसात गाडी घसरून हात मोडला, तर बसलेल्या दिवसांची मजुरी कुणी द्यायची?

लढून काही मिळत नाही, असेही नाही. पालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. कंत्राट हा नुसता पडदा होता, मालक पालिकाच होती. पण त्यानंतरही कित्येकांची प्रकरणे कागदपत्रांतल्या नावांच्या फरकावरून अडकून पडली. एका कागदावर आडनाव एक, दुसऱ्यावर त्याचे स्पेलिंग भलतेच. आयुष्यभर कचरा उचलला आणि हक्क अडला अक्षरापाशी.

बांधकामाच्या नाक्यावरची गत निराळी नाही. कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा मिस्त्री, रोज नवी इमारत. दाखला देणार कोण?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. रविवारी वंदना झाल्यावर विहारातच एक टेबल मांडा. तारीख, काम, मुकादमाचे नाव, मिळालेले पैसे यांची वही प्रत्येक पोराकडून भरून घ्या. हजेरीचे, ओळखपत्राचे, ॲपवरच्या कमाईचे फोटो काढून ठेवायला सांगा. कंपनीने खाते बंद केले की तो पुरावाही जातो. आधार आणि बँकेतल्या नावाचा फरक आत्ताच दुरुस्त करून घ्या, ई-श्रमची नोंदणी तिथेच करा. पोरांना रिकामटेकडी म्हणणाऱ्या शिकल्यासवरल्या नोकरदार बांधवांनीच या टेबलाशी लिहायला बसावे.