शेअर बाजाराच्या पानांवरून द्वेषाच्या मुखपृष्ठाकडे

फ्रेंच भाषेतील ‘व्हालर’ या शब्दाला आपल्या ‘मूल्य’ शब्दासारखेच दोन अर्थ आहेत. एक बाजारातील किंमत, दुसरा जीवनातील तत्त्व. १९६६ साली रेमों बुर्जिन या पत्रकाराने पॅरिसमध्ये ‘व्हालर आक्त्युएल’ नावाचे साप्ताहिक सुरू केले, तेव्हा त्यात पहिल्या अर्थाला मोठे स्थान होते. शेअरचे भाव, उद्योगांच्या बातम्या, गुंतवणुकीचे सल्ले आणि जोडीला उजव्या विचारांचे राजकारण. वाचक बहुतेक सुखवस्तू, वयाने प्रौढ आणि वर्षानुवर्षे वर्गणी भरणारे होते.

आज याच साप्ताहिकाची गणना फ्रान्समधील अतिउजव्या विचारांच्या प्रमुख नियतकालिकांत केली जाते. ते स्वतःला फक्त उजवे व परंपरानिष्ठ म्हणवते. हा बदल कसा झाला, हे आपणही समजून घेतले पाहिजे. कारण त्याचा सर्वाधिक मारा तिथल्या मुसलमानांवर झाला आहे.

बुर्जिन १९९० मध्ये वारले. त्यानंतर मालकी उद्योगपतींच्या हातांतून फिरत राहिली. राफेल विमाने बनवणारा दासो समूह, मग पिएर फाब्र ही औषध कंपनी आणि २०१५ मध्ये जहाजबांधणी उद्योगातले लेबनीज-फ्रेंच धनिक इस्कंदर साफा.

खरे वळण २०१२ नंतर आले. मुखपृष्ठे भडक होऊ लागली. २०१३ मध्ये एका अंकाने रोमा भटक्या समाजाला लक्ष्य केले. त्याच वर्षी दुसऱ्या अंकावर मारियान, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाची प्रतीक असलेली स्त्री, बुरख्यात दाखवली गेली. परदेशातून आलेल्यांना नागरिकत्व देणे म्हणजे लपवलेले आक्रमण आहे, असा त्या अंकाचा सूर होता. कायदेशीर मार्गाने, कागदपत्रे देऊन नागरिक झालेली माणसे एका चित्राने आक्रमक ठरली! त्या काळात साप्ताहिकाचा खप वाढून एक लाखापुढे गेला. भीती विकली जाते, हे मालक-संपादकांना उमगले.

न्यायालयाचे काय? बुरख्यातील मारियानबद्दल २०१५ मध्ये शिक्षा झाली, पण २०१७ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ऑगस्ट २०२० मध्ये दानिएल ओबोनो या कृष्णवर्णीय महिला खासदाराला एका काल्पनिक कथेत गुलाम म्हणून रंगवले गेले. चित्रात त्यांच्या गळ्यात लोखंडी साखळी होती. राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांनी स्वतः फोन करून त्यांना पाठिंबा दिला. २०२१ मध्ये वर्णद्वेषी अपमानाबद्दल संपादक व प्रकाशकांना प्रत्येकी १५०० युरो दंड झाला आणि पुढच्या वर्षी अपिलातही तो कायम राहिला. पण लाखभर अंक घरोघरी पोहोचल्यावर १५०० युरोंची काय मातब्बरी?

याच मॅक्रोंनी त्याआधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, याच साप्ताहिकाला इस्लाम आणि स्थलांतर या विषयांवर दीर्घ मुलाखत दिली होती, हेही विसरता येत नाही. ज्याच्या दारी राष्ट्राध्यक्ष जातात, त्याला वाळीत कोण टाकणार?

२१ एप्रिल २०२१ रोजी साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर निवृत्त सेनापतींचे पत्र झळकले. इस्लामवाद आणि उपनगरांतील ‘टोळ्या’ यांमुळे देशात यादवी माजेल, असा इशारा त्यात होता. बरोबर साठ वर्षांपूर्वी, २१ एप्रिल १९६१ रोजी, अल्जीरियाच्या स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या सेनापतींनी अल्जीयर्समध्ये बंड केले होते. सरकारने पत्राचा निषेध केला. तरी एका जनमत चाचणीत ५८ टक्के लोकांनी त्याला पाठिंबा दर्शवला. म्हणजे लाखभर वाचकांचे साप्ताहिक त्यांच्या कितीतरी पटीने मोठ्या समाजाचे बोलणे ठरवू लागले होते. दूरचित्रवाणीवरील चर्चांत त्याचे पत्रकार बसतात आणि मुखपृष्ठावरचा विषय संध्याकाळी लाखो घरांत पोहोचतो.

तरीही एक मर्यादा दिसली. संपादक जोफ्रुआ लजन यांचा कल एरिक झेमूर यांच्याकडे होता. इस्लामविरोध हाच ज्यांच्या प्रचाराचा गाभा, ते झेमूर २०२२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुमारे सात टक्क्यांवर थांबले. २०२३ मध्ये लजन यांना जावे लागले. त्यांची नेमणूक ‘जुर्नाल द्यु दिमांश’ या रविवारच्या पत्रात झाली, तेव्हा तिथल्या पत्रकारांनी चाळीस दिवस संप केला. संप हरला, लजन आले. पण नोकरी पणाला लावून विरोध करणारे ते पत्रकार बहुतेक मुसलमान नव्हते. सारा फ्रान्स आपला वैरी आहे, असे म्हणणे म्हणजे त्या साप्ताहिकाचीच चूक उलट्या बाजूने करणे होय.

सूरह हुजुरातमध्ये आपल्याला बातमीची शहानिशा करण्याची, दुसऱ्या समूहाची टिंगल न करण्याची आणि संशयापासून दूर राहण्याची शिकवण आहे. ती दुसऱ्यांना ऐकवण्याआधी आपल्या मोबाईललाही लागू होते. एखाद्या जमातीला आक्रमक ठरवणारा संदेश, तो कुणाबद्दलही असो, पुढे पाठवताना आपण त्या मुखपृष्ठाचे वितरक बनतो. मुलांना एवढे तरी शिकवू या: चित्र पाहून राग आला, की आधी विचारायचे, हे कुणी छापले, कुणाच्या पैशाने आणि माझ्या रागातून कुणाचा फायदा होणार?