खिशातला डीजे आणि आजीचे गाणे

एप्रिल महिना उजाडला की येरवड्याच्या वस्त्यांतून वेगळेच वारे वाहू लागते. लक्ष्मीनगर असो, नागपूर चाळ असो की गांधीनगर असो, संध्याकाळी पोरे पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरतात, निळ्या पताका लागतात आणि कट्ट्यावर एकच चर्चा रंगते, "यंदा डीजे कुणाचा?" वर्गणीच्या वहीत सर्वांत मोठी रक्कम कोणत्या खर्चापुढे पडते, हे ज्याने मंडळाचा जमाखर्च लिहिला आहे त्याला विचारावे. पुस्तके, वह्या, अन्नदान, व्याख्यान हे सगळे उरलेल्या पैशांत बसवावे लागते.

पण आज मला मोठ्या डीजेविषयी नाही, तर खिशात मावणाऱ्या डीजेविषयी सांगायचे आहे. होय, खिशात! हल्ली बोटाने काचेवर चालणाऱ्या मोबाईलवर एखादा पोरगा अख्ख्या समारंभाची गाणी वाजवू शकतो, आणि तीही एकात एक मिसळून, ताल न तुटता. मी स्वतः पाहिले म्हणून लिहितो.

आमच्या वस्तीत एका घरी नामकरणाचा कार्यक्रम होता. बाळाचे वडील साफसफाईच्या कामावर. पहिलीच मुलगी, तेव्हा "आपल्या पोरीचे बारसे दणक्यात झाले पाहिजे" म्हणून ते पगारावर उचल घेऊन डीजे ठरवायला निघाले होते. चार मोठे बॉक्स, वर रंगीत दिवे! घरासमोरची गल्ली दोन हातगाड्या एका वेळी जाणार नाहीत एवढी अरुंद, आणि बाळ अवघे तीन महिन्यांचे. शेजारचा आयटीआयला जाणारा मुलगा म्हणाला, "काका, उचल कशाला घेता? विहारातला अ‍ॅम्प्ली आणि दोन स्पीकर आणू, बाकी मी मोबाईलवर करतो." बाकीची पोरे हसली. "मोबाईलवर कुठे डीजे असतो का रे?"

असतो. त्या संध्याकाळी सर्वांनी पाहिले.

हे यंत्र चालते कसे?

डीजेचे मूळ काम फार साधे आहे. एक गाणे संपत आले की दुसरे अशा बेताने सुरू करायचे की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये. त्यासाठी पूर्वी रेकॉर्डच्या दोन तबकड्या आणि मध्ये एक मिक्सर लागत असे. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये याच दोन तबकड्या काचेवर चित्ररूपाने दिसतात. मध्ये एक आडवी पट्टी असते. ती बोटाने डावीकडून उजवीकडे सरकवली की पहिले गाणे विरत जाते आणि दुसरे वर येते.

प्रत्येक गाण्याचे मिनिटाला किती ठोके पडतात ते अ‍ॅप आपोआप मोजते. समजा चालू गाणे १०० ठोक्यांचे आहे आणि पुढचे १०४ ठोक्यांचे. तर पुढचे सुमारे चार टक्क्यांनी सावकाश केले की दोघांचा ताल जुळतो. एक बटण दाबले की हा हिशेब यंत्र करते. मग पोराने काय केले, असे कोणी विचारील. तर ऐका. आपली जुनी गाणी यंत्राच्या ठोक्यावर नव्हे, माणसाच्या हातावर वाजलेली आहेत. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते, कडवे संपताना ती पुन्हा बसते. तिथे यंत्राचे गणित चुकते आणि कानाने सावरावे लागते. शिवाय सहा मात्रांच्या दादऱ्यातले गाणे आठ मात्रांच्या केरव्यात कोंबता येत नाही. तालाचे ज्ञान पोराला हवेच. ते कोणत्याही अ‍ॅपमध्ये फुकट मिळत नाही.

दुसरी अडचण अशी की पुढचे गाणे लोकांना ऐकू येण्याआधी डीजेला एकट्याला ऐकावे लागते. मोबाईलला तर आवाज बाहेर काढायला भोक एकच! त्यावर उपाय म्हणजे दोन फाटे असलेली छोटी वायर. अ‍ॅपमध्ये तशी सोय चालू केली की एक बाजू स्पीकरकडे जाते आणि दुसरी पोराच्या हेडफोनमध्ये. डावे-उजवे वेगळे ऐकू येत नाही, पण गल्लीतल्या समारंभाला ते कोण शोधतो?

तबकडीपासून काचेपर्यंत

ही कला श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच जन्मली असे कोणी समजू नये. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब भागात क्लाइव्ह कॅम्पबेल या जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीय तरुणाने आपल्या बहिणीसाठी एका इमारतीच्या दिवाणखान्यात नाचगाण्याचा कार्यक्रम केला. बहिणीला शाळेसाठी कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिने तो ठेवला होता. कॅम्पबेलच्या ध्यानात आले होते की गाण्यातला गाता आवाज थांबून फक्त ताल उरतो तेव्हा लोक जास्त नाचतात. मग तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा पुनःपुन्हा वाजवू लागला. आज जगभर गाजणाऱ्या हिप-हॉपची सुरुवात तिथून मानतात. त्याच्या वर्षभर आधी, १९७२ साली, मुंबईत आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली होती. दोन खंडांतल्या दबलेल्या माणसांनी त्याच काळात आपापला आवाज शोधला.

पुढे २००७ साली बोटाने चालणारा आयफोन आला. २०१० च्या अखेरीस डीजे करण्याचे एक नावाजलेले अ‍ॅप आयपॅडवर आले आणि २०११ मध्ये तेच आयफोनवर, म्हणजे खऱ्या अर्थाने खिशात आले. मागोमाग स्वस्त अँड्रॉइड फोनसाठीही अशी अ‍ॅप्स निघाली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि कामगाराच्या पोरापर्यंत ही विद्या पोचली.

आपल्या गाण्यांचा प्रवास

आपल्या गाण्यांनी प्रत्येक काळात हाताला येईल ते साधन धरले आहे. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी याच पुण्यात बाबासाहेबांची पहिली जाहीर जयंती साजरी केली. त्यानंतरच्या काळात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरले. तिथे ढोलकी, तुणतुणे आणि माणसाचा गळा हेच यंत्र. मग वामनदादा कर्डक आले, विठ्ठल उमप आले, प्रल्हाद शिंदे आले. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि झोपडीतल्या टेपवर भीमगीते वाजू लागली. पुढे सीडी आली, मग मोबाईलच्या दुकानातून 'चिप भरून' मिळू लागली. आता डीजेचे मिश्रण आले आहे. तेव्हा "डीजे म्हणजे थिल्लरपणा" म्हणून काठी उगारणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझे नम्रपणे सांगणे आहे की कॅसेटलाही एके काळी लोक असेच नावे ठेवीत होते. साधन वाईट नसते. त्यातून काय ऐकू येते, ते पाहिले पाहिजे.

आणि इथेच खरी मेख आहे. मोठ्या भिंतीएवढ्या डीजेतून काय ऐकू येते? छातीत धडधड होते, खिडक्यांच्या काचा थरथरतात, पण गाण्यातला शब्द? वामनदादांनी ज्या शब्दासाठी आयुष्य वेचले, तोच शब्द त्या दणक्याखाली चिरडला जातो!

जादा पैसे, किती आवाज?

वाणिज्य शाखेचा माणूस म्हणून एक हिशेब मांडतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. यंत्राची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट ताकद लागते. म्हणजे शेजारच्या मंडळाने चार बॉक्स आणले म्हणून आपण आठ आणले, तरी ऐकणाऱ्याला फरक थोडाच कळतो. दुप्पट भाडे मात्र आपल्याच वर्गणीतून जाते!

कानाचा हिशेब याहून कडक आहे. ८५ डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने दिवसाला आठ तास सोसावा, अशी कामगारांसाठी सुरक्षित मर्यादा सांगितली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कारखान्यात कान गमावलेला बाप घरी यायचा आणि पोराने मिरवणुकीत कान गमवायचे, ही कसली प्रगती?

कायदाही माहीत असावा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आपल्या येरवड्यात तर मनोरुग्णालय आहे. तिथे उपचार घेणाऱ्या माणसांचाही विचार आपणच करायचा. ज्या बाबासाहेबांनी देशाला घटना दिली, त्यांच्या जयंतीत कायदा मोडला असे कोणाला बोलायला जागा का ठेवावी?

त्या संध्याकाळी काय झाले?

आता बारशाकडे वळू. सुरुवातीला फजिती झालीच. ऐन रंगात पोराच्या आत्याचा फोन आला आणि घंटी स्पीकरवरून अख्ख्या गल्लीने ऐकली! पोराने लगेच फोन विमानातल्या सारखा बंद ठेवायची सोय दाबली. मग पुन्हा काही अडचण आली नाही. स्पीकर त्याने बाळापासून दूर, उंच स्टुलावर ठेवले होते. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, हे त्याला आयटीआयच्या मास्तरांनी शिकवलेले. वंदना झाली, नाव ठेवले, पाळणा झाला आणि मग गाणी लागली. आधी नवी, नाचाची. मग त्याने हळूच पट्टी सरकवली आणि जुन्या कॅसेटवरचे एक भीमगीत वर आणले. खालचा ठेका तोच, पण शब्द स्वच्छ.

कोपऱ्यात बसलेली बाळाची पणजी एकदम ताठ झाली. म्हणाली, "पोरा, जरा थांब. ही तर आमच्या वेळची हाय. वाजिवणं कमी कर, बोल ऐकू दे." पोराने ठेका खाली घेतला. आजी पुढच्या ओळी आधीच म्हणू लागली. सुना तिच्या मागे म्हणू लागल्या. नाचणारी पोरे थांबली नाहीत, पण त्यांची तोंडेही हलू लागली. ज्या पोरांना ते गाणे पाठ नव्हते, त्यांनी नंतर ते मोबाईलवर मागून घेतले.

बाळाच्या वडिलांची उचल वाचली. मीच पुढाकार घेऊन त्यातली थोडी रक्कम त्या पोराच्या हातावर ठेवायला लावली. तो नको नको म्हणत होता. मी म्हटले, "बाळा, फुकट राबायची आपल्या बापजाद्यांची सवय मोडायला बाबासाहेबांना आयुष्य घालवावे लागले. कामाचे दाम घे."

शिकणाऱ्या पोरांसाठी चार गोष्टी

समारंभाला वायरच वापरावी. बिनतारी ब्लूटूथ स्पीकरला आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे बोट आणि ताल यांचा मेळ बसत नाही. फोनला आवाजाचे भोक नसेल तर जोडणी विकत मिळते. गाणी आधीच फोनमध्ये भरून ठेवावीत, ऐन वेळी इंटरनेटवर विसंबू नये. हलक्या प्रतीची फाईल मोठ्या स्पीकरवर फाटकी वाजते. ३२० प्रतीची घ्यावी, मिनिटाला साधारण अडीच एमबी जागा लागते. मिक्सरचा लाल दिवा लागला की आवाज वाढवू नये, तिथून पुढे आवाज फाटतो आणि स्पीकर जळतो. चार्जर बरोबर असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक जुने गाणे लावताना कवीचे आणि गायकाचे नाव माईकवर मोठ्याने सांगावे. ज्यांनी उपाशीतापाशी हे शब्द घडवले, त्यांची नावे मिश्रणात हरवता कामा नयेत.

खोटे कशाला बोलू? हजारोंच्या मिरवणुकीला दोन स्पीकर पुरणार नाहीत, आणि मोबाईलचा पोरगा मोठ्या डीजेचे भाडे एका वर्षात थांबवणार नाही. पण बारसे, वाढदिवस, हळद, विहारातला कार्यक्रम, सोसायटीतली जयंती इथे तो नक्की पुरतो. तिथून सुरुवात करू या. यंदा वर्गणीचा हिशेब मांडताना मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एकदा डीजेच्या रकमेपुढे थांबावे आणि स्वतःला विचारावे की या पैशात किती पोरांच्या वह्या आल्या असत्या?

आणि घरातल्या आजीला विचारावे, "आजी, तुला काल गाण्यातले बोल ऐकू आले का?" ती जे उत्तर देईल, त्यावरून आपला डीजे चांगला की वाईट ते ठरवावे.