दरीतला पाहुणा मासा

मनाली किंवा पहलगामला जाऊन आलेली मंडळी तिथल्या ट्राउट माशाची चव कौतुकाने सांगतात. गार पाण्यातला, अंगावर ठिपके असलेला हा देखणा मासा हिमालयातलाच असावा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो तिथे पाहुणा आहे. गळाने मासे पकडण्याचा शौक असलेल्या इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला त्याची अंडी बोटीने विलायतेतून आणली आणि इथल्या थंड पाण्यात वाढवली. ट्राउट जगभर पसरला तो बहुतेक असाच, शौकिनांच्या हातून. पाहुणा घरात रुळला की मूळच्या घरच्यांचे काय होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीत हा प्रश्न विचारला गेला. त्याचीच ही हकिकत.

ग्रँड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीने लाखो वर्षे खडक कापत तयार केलेली दरी. दक्षिणेच्या कड्यावरून नदीपर्यंतची उतरण जवळजवळ १,४०० मीटर आहे. तिथून तळाशी जायला मोटाररस्ता नाही. पायी जायचे, खेचरावर बसायचे किंवा नदीतून होडीने यायचे. सर्वात जवळची पायवाटही ११ किलोमीटरची आहे. कड्यावर गुलाबी थंडी असली तरी तळाशी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा भट्टीत ब्राइट एंजल नावाचा एक ओढा खळाळत येऊन नदीला मिळतो. उत्तरेच्या कड्याखालच्या मोठ्या झऱ्यांचे पाणी त्यात येते, म्हणून तो बारा महिने वाहता आणि गार असतो.

गार पाणी आणि ट्राउट यांचे नाते शास्त्राने बांधलेले आहे. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो, आणि ट्राउटला प्राणवायू भरपूर लागतो. अंडी घालण्यासाठी मादी शेपटीने गोट्यांमध्ये खळगा करते. त्या गोट्यांमधून सतत ताजे पाणी वाहत राहिले तरच अंडी जगतात. त्यामुळे खळाळता, स्वच्छ, गोट्यांचा ओढा मिळाला की ट्राउटचा संसार थाटला गेलाच म्हणून समजा.

त्याला पकडणाऱ्याला हे सगळे ठाऊक असावे लागते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून मोठ्या दगडाच्या आडोशाला थांबतो. तिथे त्याला फारसे पोहावे लागत नाही आणि वाहत आलेला किडा आयता तोंडाशी येतो. म्हणून गळवाला खालच्या अंगाने, म्हणजे माशाच्या पाठीमागून येतो. पावले दबकत टाकतो, आपली सावली पाण्यावर पडू देत नाही. दोऱ्याच्या टोकाला पिसे आणि धागे गुंडाळून केलेली खोटी माशी असते. ती दगडाच्या वरच्या बाजूला अलगद सोडायची आणि प्रवाहाबरोबर वाहू द्यायची. दोऱ्याला किंचित ओढ बसली तरी माशी अनैसर्गिक चालते आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अरुंद ओढ्यात, झाडोऱ्याखाली काठी फिरवायलाही जागा नसते. इथे ताकदीचे काम नाही, नजरेचे आणि सबुरीचे आहे.

आता मूळ प्रश्न. या दरीत ट्राउट आला कसा? १९१९ मध्ये ग्रँड कॅन्यनला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९२० च्या दशकापासून खुद्द उद्यानाच्या लोकांनीच पर्यटकांच्या करमणुकीसाठी इथल्या ओढ्यांमध्ये ट्राउट सोडले. त्यात रेनबो ट्राउट होता आणि मूळचा युरोपातला ब्राउन ट्राउटही होता. त्या काळी हे पुण्यकर्मच मानले जाई. तरीही हा मासा बराचसा ओढ्यांपुरताच राहिला. कारण मुख्य नदी त्याला मानवणारी नव्हती. ती गाळाने लालसर व्हायची, उन्हाळ्यात तिचे पाणी २५ अंशांच्या वर जायचे आणि वसंतात तिला मोठा पूर यायचा. ‘कोलोरॅडो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तांबूस असा आहे.

१९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि नदीचा स्वभावच बदलला. गाळ धरणात अडला. खालच्या नदीत जे पाणी सुटू लागले, ते जलाशयाच्या पृष्ठभागाचे नव्हे, खोलवरचे होते. ऊन तिथवर पोचत नाही. वर्षभर आठ ते बारा अंशांचे, नितळ पाणी वाहू लागले. वाळवंटात जणू पहाडी नदी अवतरली. पुढच्याच वर्षी धरणाखालच्या लीज फेरी भागात रेनबो ट्राउट सोडण्यात आले. काही वर्षांत हौशी गळवाल्यांमध्ये त्या जागेचे नाव झाले.

हेच गार पाणी मूळच्या माशांच्या मुळावर आले. कोलोरॅडोच्या खोऱ्याबाहेर जगात कुठेही न सापडणारा ‘हंपबॅक चब’ हा त्यांपैकी एक. डोक्यामागे मोठे कुबड, बारीक डोळे, निमुळती शेपटी. दिसायला ट्राउटच्या पासंगालाही न पुरणारा. पण गढूळ, उसळत्या पाण्यात तगून राहायला निसर्गाने त्याला घडवलेले. तीस वर्षांहून अधिक जगणारा हा मासा पाणी साधारण १६ अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट वीण करत नाही. मुख्य नदी गारठल्यावर लिटल कोलोरॅडो ही उबदार उपनदी त्याचा मुख्य आसरा ठरली. तिथून बाहेर पडणारी पिल्ले गार पाण्यात मंद होत आणि ट्राउटच्या तोंडी जात. १९६७ मध्ये हा मासा धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला. दरीतल्या आठ मूळ जातींपैकी काही तर तिथून पार नाहीशा झाल्या.

मग उलटी मोहीम सुरू झाली. २००३ ते २००६ या काळात लिटल कोलोरॅडोच्या संगमाजवळ पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडून मासे गुंगवले गेले. स्थानिक मासे परत सोडले आणि १९ हजारांहून अधिक रेनबो ट्राउट काढून टाकले. ब्राइट एंजल ओढ्यात ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालायला नदीतून वर चढतो. तिथे ओढ्याच्या मुखाशी आडवा बांध घालून त्याला अडवण्यात आले.

यावर आक्षेप आला तो झुनी या आदिवासी समाजाकडून. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांचे पूर्वज याच दरीतून, ब्राइट एंजलच्या परिसरातील एका धबधब्यापासून या जगात आले. पाण्यातले जीव त्यांना आप्त वाटतात. इतक्या जिवांची सरसकट हत्या करून ती वाया घालवणे त्यांना मान्य नव्हते. ट्राउट आला यात ट्राउटचा काय दोष? या हरकतीची दखल घ्यावी लागली. पुढच्या योजनांमध्ये काढलेला मासा वाया जाऊ नये, तो कोणाच्या तरी पोटी लागावा, यावर भर देण्यात आला. गळवाल्यांनाही कामाला लावले गेले. लीज फेरी भागात २०२० पासून ब्राउन ट्राउट पकडून आणणाऱ्यास माशामागे सुरुवातीला २५ डॉलर बक्षीस ठेवण्यात आले.

फळ दिसले. ब्राइट एंजलमध्ये ट्राउट घटले, मूळ मासे वाढले आणि २०१८ मध्ये तिथे चबची पिल्ले सोडण्यात आली. २०२१ मध्ये चबचा धोका एक पायरी उतरल्याचे सरकारने जाहीर केले. पण याचे सगळे श्रेय मोहिमेला देता येत नाही. दुष्काळाने धरणाची पातळी उतरली, वरच्या थरातले कोमट पाणी खाली येऊ लागले आणि ते चबला मानवले. त्याच कोमट पाण्याबरोबर दुसरे संकटही उतरले. स्मॉलमाउथ बास हा आणखी एक परका, खादाड मासा २०२२ मध्ये धरणाखाली वीण करताना आढळला. त्याला आवर घालायला २०२४ च्या उन्हाळ्यात धरणातून मुद्दाम गार पाणी सोडावे लागले. कधी काळी चबचा वैरी ठरलेला गारवाच त्याच्या रक्षणासाठी वापरण्याची वेळ आली!

गळ टाकणाऱ्यांचा एक सुसंस्कृत रिवाज आहे. उलटा काटा नसलेला गळ वापरायचा, मासा ओल्या हाताने धरायचा आणि हळुवारपणे पाण्यात परत सोडायचा. ट्राउट जिथला मूळ रहिवासी आहे, तिथे हा रिवाज योग्यच. ब्राइट एंजलच्या काठी मात्र उद्यानाचे सांगणे नेमके उलट आहे. ट्राउट परत सोडू नका, पकडा आणि खा. तोच मासा, तोच गळ, पण एका ओढ्यावर जी दया ठरते ती दुसऱ्या ओढ्यावर चबच्या पिल्लांना महागात पडते. म्हणून काठी हातात घेण्याआधी एवढे विचारावे, की हे पाणी मुळात कोणाचे? मासा सोडायचा की ठेवायचा, हे त्या उत्तरावर ठरते.