स्वस्त मिनिट, दुर्मीळ वेळ

मार्च २००२ पर्यंत परदेशी दूरध्वनी ही विदेश संचार निगमाची मक्तेदारी होती. मिनिटामिनिटाचे मोल मोजावे लागे. साहजिकच परदेशी शिकणाऱ्या मुलाची खुशाली बहुधा पत्रानेच कळे. १ एप्रिल २००२ पासून ती मक्तेदारी संपली आणि इंटरनेटवरून बोलण्यासही मुभा मिळाली. आज व्हॉट्सॲपवरील संभाषणास डेटाखेरीज निराळा खर्च नाही. परंतु एक टंचाई सरली की दुसरी उघडी पडते. पुण्यात सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. दोन्हीकडे सवड असण्याचे तास मोजकेच. तेव्हा कर्ज काढून मुलाला धाडणाऱ्या पालकांनी रोमिंगवर पैसा न उधळता आठवड्यातला एक तास ठरवून घ्यावा आणि तो निष्ठेने पाळावा. खरी काटकसर आता तिथेच आहे.