सायकलने ऑफिसला जाताय? मग ओझं पाठीवर नको!

सायकलने ऑफिसला जायचं ठरवलंत, की पहिला प्रश्न सामानाचा. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, बदलायचा शर्ट... बहुतेक जण सगळं सॅकमध्ये कोंबून पाठीवर घेतात. अंतर कमी असेल तर चालून जातं, पण लांबच्या प्रवासात पाठ घामाने भिजते आणि खांदे भरून येतात.

दूधवाल्याची सायकल आठवा. जड कॅन तो कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली लटकवतो. वजन खाली असलं की तोल सांभाळणं सोपं जातं. तुम्हीही कॅरिअरला दोन्हीकडे अडकणाऱ्या पिशव्या म्हणजेच पॅनिअर लावू शकता. दोन्हीकडे वजन साधारण सारखं ठेवा. पेडल मारताना टाच पिशवीला लागत नाही ना, हे विकत घेण्याआधीच तपासा.

खर्च नको असेल तर? पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब मागून घ्या. तिच्या पट्टीने सॅक कॅरिअरवर घट्ट बसते. फक्त पट्टीचं टोक किंवा सॅकचा बंद लोंबता ठेवू नका, तो चाकात जाऊ शकतो.

हँडलला पिशवी मात्र अडकवूच नका, अगदी कोथिंबिरीची जुडी असली तरी! ती पुढच्या चाकात अडकली तर चाक जागीच थांबतं आणि तुम्ही तोंडावर पडता.

लॅपटॉपला गचके सोसत नाहीत. रस्ता खड्ड्यांचा असेल तर तेवढा एक पाठीवरच बरा. पावसाळ्यात तो आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. आणि जास्तीचा चार्जर, बूट ऑफिसातच ठेवता येतात का, ते विचारून पाहा.