फरीदाबादचा कार्तिक

पावसाळा सरला की महाराष्ट्रातील घरच्या बागेला थोडी उसंत मिळते. श्रावण-भाद्रपदात माजलेले तण काढावे, कुंड्यांतील माती हलवावी, झेंडू आणि शेवंती दसरा-दिवाळीला पुरतील एवढे पाहावे, की बरेचसे काम उरकते. उत्तरेच्या मैदानी प्रदेशात मात्र बागेचे वर्ष याच वेळी उघडते. दिल्लीच्या दक्षिणेस, पूर्वेला यमुना आणि पश्चिमेला अरवलीच्या टेकड्या यांच्यामध्ये वसलेल्या फरीदाबाद शहरात सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे सहा-सात आठवडे घरच्या बागेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे होत. या अवधीत जे पेरले जाते त्यावर फाल्गुनापर्यंतची भाजी आणि फुले अवलंबून असतात. हा अवधी हुकला तर पुढे कितीही खतपाणी घातले तरी झालेली हानी भरून निघत नाही. नोकरीधंद्यानिमित्त तेथे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा धडा बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच मिळतो.

नवख्या मातीशी जुळवून घेणे ही या शहराला नवी गोष्ट नाही. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने दिल्ली-आग्रा मार्गाच्या रक्षणासाठी १६०७ साली हे गाव वसवले, असे सांगतात. आजच्या शहराचा पाया मात्र फाळणीनंतर, १९४९ पासून घातला गेला. वायव्य सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माईल खान इत्यादी भागांतून आलेल्या निर्वासितांसाठी राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले आणि नव्या औद्योगिक नगरीतील घरे उभारण्याच्या कामी त्या निर्वासितांनी स्वतः कष्ट केले. पुढे कारखाने वाढले, तसे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, महाराष्ट्र अशा नाना प्रांतांतील लोक येथे येऊन राहिले. त्यामुळे येथील एखाद्या गल्लीत भिंतीपलीकडून मिळणारा बागकामाचा सल्ला अनेक प्रांतांच्या अनुभवातून गाळून आलेला असतो.

हा सल्ला इतका निकडीचा का, हे समजण्यासाठी हवामानाकडे पाहावे लागते. मुंबईला समुद्राचे सान्निध्य आहे. तेथे जानेवारी आणि मे या दोन महिन्यांच्या सरासरी तापमानात फरक पडतो तो सहा-सात अंशांचा. फरीदाबाद समुद्रापासून फार दूर आहे. तेथे जानेवारीची सरासरी चौदा अंशांच्या जवळपास असते आणि जूनची चौतीसच्या आसपास जाते. वीस अंशांच्या या चढउतारात वनस्पतींना सुखाचे दिवस थोडेच लाभतात. सप्टेंबरच्या अखेरीस मोसमी पाऊस माघार घेतो, आकाश निवळते, माती अजून उबदार असते आणि रात्री मात्र गार होऊ लागतात. बी रुजण्याला ऊब हवी आणि रोप वाढण्याला गारवा हवा. हे दोन्ही एकत्र मिळतात ते याच दिवसांत. डिसेंबरच्या मध्यापासून थंडी आणि धुके यांमुळे वाढ मंदावते आणि मार्च संपण्यापूर्वीच ऊन तापू लागते. ऑक्टोबरात पेरलेला मटार थंडीपूर्वी अंगाने भरतो. डिसेंबरात पेरलेला मटार थंडीत खुरटून राहतो आणि त्याला फूल येऊ लागते तोवर उन्हाळा दाराशी आलेला असतो.

येथेच मराठी माणसाची एक फसगत होते आणि तिचे कारण पंचांगात आहे. शेजारीण सांगते की कार्तिक लागला, आता मेथी आणि मटार पेरून टाका. मराठी घरातील दिनदर्शिका पाहावी तर कार्तिक लागण्यास अजून पंधरा दिवस अवकाश असतो! वस्तुतः दोघींचेही बरोबर असते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात मात्र उत्तरेचा महिना एक पाऊल पुढे गेलेला असतो. म्हणून कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी उत्तरेत कार्तिक सुरू होतो, तर महाराष्ट्रात आश्विन वद्य प्रतिपदा असते. पंजाबी शेजारणीचा करवा चौथ हा कार्तिकातला सण, आणि मराठी पंचांगाप्रमाणे तोच दिवस आश्विन वद्य चतुर्थीचा. सणासुदीच्या बाबतीत या फरकाने काही बिघडत नाही. बी पेरण्याच्या बाबतीत मात्र बलिप्रतिपदेची वाट पाहत बसलेल्या माणसाचा एक पंधरवडा वाया जातो, आणि सहा-सात आठवड्यांच्या हंगामात पंधरवडा ही थोडी गोष्ट नव्हे.

तथापि शेजारणीचा कार्तिक धरावा म्हटले तरी अडचण पूर्णपणे सुटत नाही. चांद्र महिने अधिक मासामुळे पुढे-मागे सरकतात. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झाले आणि २०२३ साली ते १२ नोव्हेंबरला आले. दिवाळीवर नजर ठेवून पेरणी करणाऱ्याचे काम एका वर्षात एकोणीस दिवसांनी पुढे गेले. माती मात्र चंद्राकडे पाहून गार होत नाही. ती सूर्याचे ऐकते. शेतकऱ्यांनी पेरणीसाठी सूर्यनक्षत्रांचा आधार घेतला तो याचसाठी. हस्त, चित्रा, स्वाती ही नक्षत्रे मराठी आणि हिंदी भाषिकांना सारखीच परिचित आहेत आणि ती दरवर्षी जवळजवळ त्याच इंग्रजी तारखांना लागतात. १९५७ साली स्वीकारलेल्या राष्ट्रीय पंचांगाचा कार्तिकही सौर आहे. तो दरवर्षी २३ ऑक्टोबरला सुरू होतो आणि त्याचा दिनांक आकाशवाणीवरून ऐकू येतो. घरच्या बागेला असा स्थिर आधार अधिक उपयोगी पडतो.

या आधाराने फरीदाबादच्या बागेचा क्रम सांगता येतो. सूर्य हस्त नक्षत्रात असतो तो साधारणपणे २७ सप्टेंबरपासून १० ऑक्टोबरपर्यंत. महाराष्ट्रात हादग्याची गाणी म्हटली जातात त्या या दिवसांत फरीदाबादला कुंड्या रिकाम्या करून माती उन्हात पसरावी, तिच्यात चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी आणि फुलांच्या रोपांसाठी पसरट कुंडीत बी टाकावे. फ्लॉक्स, पिटुनिया, पॅन्झी, कॅलेंड्युला, डायन्थस यांची रोपे महिन्याभरात लावण्याजोगी होतात. ज्यांना एवढी खटपट नको त्यांना रोपवाटिकेतून तयार रोपे आणता येतात. तेथे त्यांना ‘पनीरी’ म्हणतात. पालक आणि मुळाही याच सुमारास पेरावा.

चित्रा नक्षत्र १० ऑक्टोबरच्या सुमारास लागते. मेथी, कोथिंबीर, मटार, लसूण यांचा हा काळ. मटार रात्रभर भिजवून पेरावा. धणे रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या कराव्यात आणि मग पेरावेत. ते उगवण्यास दहा-बारा दिवस घेतात, म्हणून मेथी चार दिवसांत वर आलेली पाहून धीर सोडू नये. गुलाबाची छाटणीही याच पंधरवड्यात होते. वाळलेल्या आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढून तीन-चार सशक्त फांद्या ठेवाव्यात आणि बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर तिरका छेद घ्यावा. त्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी पहिला बहर येतो. २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वाती लागते. तेव्हा फुलांची रोपे संध्याकाळच्या वेळी कायमच्या जागी लावावीत. स्वीट पी, नॅस्टर्शियम आणि लार्कस्पर यांना मुळे हलविलेली सोसत नाहीत, म्हणून त्यांचे बी मुळातच जागेवर टाकलेले बरे. विशाखा नक्षत्र नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असते. तोवर लागवड संपली पाहिजे.

जागेचाही विचार करावा लागतो. डिसेंबरात फरीदाबादला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम अडतीस अंश वर येतो. पुण्यात तो अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे गच्चीच्या दक्षिणेकडील मीटरभर उंचीच्या कठड्याची सावली भर दुपारीही सव्वा मीटर पडते. उन्हाळ्यात त्या कठड्यालगत सुखाने वाढलेली कुंडी हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहते. ती दिवाळीच्या सफाईतच उचलून उत्तरेकडील भिंतीशी ठेवावी. तेथे दक्षिणेचे ऊन सरळ पोहोचते आणि तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. शेवंतीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. रात्र लांबू लागली की तिला कळ्या धरतात. कुंडीवर रस्त्यावरील दिव्याचा प्रकाश रात्रभर पडत राहिला तर ती फुलण्यास उशीर करते.

मराठी घराने हौसेने बरोबर नेलेल्या झाडांचा प्रश्न अधिक नाजूक असतो. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न होते. त्या वेळी फरीदाबादची तुळसही हिरवीगार आणि मंजिऱ्यांनी लगडलेली असते. ऊस, चिंचा, आवळे ठेवून मंगलाष्टके होतात आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत तीच तुळस काळवंडून वाळते. हे पाहून घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या मनाला लागते. काही चुकले, काही अशुभ घडले, अशी शंका येते. खरे कारण एवढेच, की तुळस उष्ण प्रदेशातील वनस्पती आहे आणि रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ लागले की तिची वाढ थांबते. लग्न लागल्यावर मंजिऱ्या खुडून त्यांचे बी कागदाच्या पुडीत ठेवावे, कुंडी उन्हाच्या भिंतीशी न्यावी, पाणी थोडे आणि सकाळीच द्यावे. उत्तरेकडील घरांत तुळशीला ओढणी घालण्याची रीत आहे. त्या ओढणीत भक्ती आहे, तशी दहिवरापासून रोपाला जपण्याची सोयही आहे. रात्री पातळ कापड घालून सकाळी ते काढावे. एवढे करूनही तुळस गेलीच, तर फेब्रुवारीच्या अखेरीस जपून ठेवलेल्या बियांतून नवी उगवते.

अळूची पाने नोव्हेंबरात पिवळी पडतात. फदफदे करावयाचे असेल तर ते दिवाळीपूर्वीच करून घ्यावे आणि कंद मातीत झोपू द्यावेत. कढीपत्त्याची पाने गळतात आणि मोगरा निद्रिस्त होतो. या दोघांना हिवाळ्यात जास्त पाणी पाजणे म्हणजे त्यांची मुळे कुजवणे होय. मोगऱ्याची छाटणी जानेवारीच्या अखेरीस करावी.

या साऱ्या देवघेवीत भाषेचीही देवघेव होते. कुंडीला गमला, झेंडूला गेंदा आणि शेवंतीला गुलदाउदी म्हणावयास मराठी मंडळी लवकरच शिकतात. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारा आणि बाजारात जुड्यांनी विकला जाणारा ‘बथुआ’ म्हणजे आपला चाकवतच, हा शोध लागला की स्वयंपाकघरात आनंद होतो. शेजारीण त्याचे पराठे आणि रायते करते. मराठी घरात त्याची डाळ-दाणे घातलेली ताकातली भाजी होते. एका घरची वाटी दुसऱ्या घरी जाते आणि परत येताना तिच्यात बहुधा कसले तरी बी असते. बिहारी कुटुंबाला छठच्या पूजेसाठी पानांसकट हळदीचे आणि आल्याचे रोप हवे असते. पानांत पातोळे वाफविण्यासाठी हळद लावणाऱ्या कोकणी घरात ते सहज मिळते.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याने सुटणार नाहीत असेही काही प्रश्न आहेत. फरीदाबादचे भूजल अनेक ठिकाणी जड आणि खारट आहे. कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर धरतो तो त्याचाच. एकेकाळी नौकाविहारासाठी प्रसिद्ध असलेला बडखल तलाव या शतकाच्या आरंभी कोरडा पडला, यावरून जमिनीखालच्या पाण्याची अवस्था समजते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताच्या पराळीचा, वाहनांचा आणि फटाक्यांचा धूर थंड, स्थिर हवेत जमिनीलगत साचून राहतो. पानांवर बसलेली काजळी आठवड्यातून एकदोनदा सकाळच्या वेळी पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी. त्यात आपल्या अंगणातील धुराची भर तरी घालू नये. झाडलेला पालापाचोळा पेटवून देण्याची जुनी सवय आता कायद्यानेही निषिद्ध आहे. तोच पाला एखाद्या खड्ड्यात किंवा भोके पाडलेल्या पिंपात थरांनी भरून वर थोडी माती आणि शेण टाकले आणि तो ओलसर ठेवला, तर पुढील हस्त नक्षत्रापर्यंत त्याचे उत्तम खत होते.

सप्तपर्णीचा उग्र सुगंध रात्री रस्त्यांवर दाटू लागला, पहाटे पारिजातकाचा सडा पडू लागला, म्हणजे फरीदाबादला शरद आला असे समजावे. त्या दिवशी पंचांगात महिना आश्विन असो वा कार्तिक, सकाळी मातीत बोट खुपसून पाहावे. माती उबदार लागली आणि वारा गार लागला, की बियांच्या पुड्या काढाव्यात. शेजारीही त्या वेळी भिंतीपलीकडे खुरपी घेऊन बसलेले असतात. शंका असेल तर त्यांना विचारावे, आणि आपल्याजवळ जादा बी असेल तर त्यांनाही द्यावे.